हशील काय?

मस्कतला आल्यावर, वर्गाच्या बाहेर आणि कुणी न सांगता, मी अडखळत वाचलेला पहिला अरबी शब्द 'तहसील' हा होता.

रुवीतल्या एका कार्यालयात आमच्या ऑफिसचा चेक द्यायला गेले होते. तीन खिडक्या, तिन्हींवर निळ्या पाट्या. रांग मोठी होती, म्हणून पहिलीतली मुलं एसटीतून दुकानांच्या पाट्या वाचतात तशी एकेक अक्षर जुळवत उभी राहिले. ता, हा, सॉद, या, लाम. त-ह-सी-ल. वाटलं, चुकलं काहीतरी. पुन्हा जुळवलं. तरी तहसीलच. काचेमागे काळ्या अबायातली एक तरुण मुलगी पैसे घेऊन पावत्या देत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे जिंतूरची जुनी कचेरी उभी राहिली. कडुलिंबाखाली स्टँपवाल्याचं टेबल, सातबाऱ्यासाठी उकिडवे बसलेले लोक, आत लाल फडक्यांत बांधलेल्या दप्तरांच्या आड आमचे अण्णा. मी हसले असणार. त्या मुलीनं मान वर करून विचारलं, "खैर?" म्हणजे, सगळं ठीक ना? तिला काय सांगू, की बाई गं, तुझ्या डोक्यावरच्या त्या पाटीत माझ्या वडिलांनी छत्तीस वर्षं नोकरी केली!

अण्णा 1960 साली कारकून म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. रात्री फोनवर त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नाही. "तशील अरबीच आहे, त्यात काय," म्हणाले. आमच्याकडे सगळे तशीलच म्हणतात. मग थोडं थांबून, जे ते मला अधूनमधून विचारतात ते पुन्हा विचारलं, "पण बावन्नाव्या वर्षी अरबी शिकून हशील काय?"

हा प्रश्न तोपर्यंत मी नुसता ऐकून सोडून देत असे. त्या रात्री मात्र कान टवकारले गेले. हशील. तहसील. ह, स, ल.

आता ज्यांनी अरबी शब्दकोश कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. महसूल हा शब्द अरबी कोशात 'म'खाली सापडत नाही. मी पहिल्या आठवड्यात 'म'ची पानं उलटून उलटून रडकुंडीला आले होते. आमचे उस्ताद सुदानी आहेत, उंच, शांत आणि खडूची पूड सदऱ्यावर सांडलेले. ते म्हणाले, आधी शब्दाचे कपडे उतरव, मग आत कोण आहे ते बघ. म काढ, ऊ काढ. उरलं काय? ह, स, ल. त्या तीन व्यंजनांखाली सगळं कुटुंब एकत्र राहतं. आपल्याकडे 'कृ'पासून कार्य, कर्म, करण होतात तसंच, पण अरबीत शिस्त जास्त कडक आहे. तीन व्यंजनं म्हणजे भिंतीत ठोकलेल्या तीन खुंट्या. स्वरांचा दोरा त्यांच्याभोवती कसा गुंडाळाल त्यावर अर्थ ठरतो आणि गुंडाळण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत.

गंमत म्हणजे या पद्धती मला येत होत्या, फक्त येतात हे ठाऊक नव्हतं. क्रिया करणाऱ्याचा साचा हासिल. त्याच साच्यातले नायब, साहेब, जामीन, गाफील. क्रिया जिच्यावर झाली तिचा साचा महसूल. त्यातले मजकूर, मंजूर, मशगूल, मजबूत. आणि क्रिया घडवून आणण्याचा, जोर लावण्याचा साचा तहसील. त्यातले तपशील, तालीम, ताकीद, तजवीज, तसबीर, तारीख. उस्ताद फळ्यावर हा तिसरा साचा शिकवत होते आणि मी मागच्या बाकावरून एकेक मराठी शब्द ओरडून सांगत होते. शेजारचा फिलिपिनो मुलगा माझ्याकडे संशयानं बघायला लागला. 'सदर मजकूर मंजूर, तपशील सोबत, ताकीद देण्यात येते' अशा अण्णांच्या कागदांवर मी वाढले. ते अरबी व्याकरणाचे धडे होते हे कुणाला माहीत!

कामधंद्याचा साचा तर आणखी मजेदार. त्यात मधलं व्यंजन दुहेरी होतं. हम्माल, दल्लाल, सर्राफ, हज्जाम. मराठीनं ते दुहेरीपण खाऊन टाकलं आणि हमाल, दलाल, सराफ, हजाम केलं. आमच्या जिभेला फार जोर सोसत नाही. तसंच 'इ' किंवा 'ए' पुढे आली की स आपला मऊ होऊन श होतो. हिसाबचा हिशेब, मस्जिदची मशीद, सिपाहीचा शिपाई, आणि हासिलचं हशील. म्हणजे अण्णा जिला तशील म्हणतात ती अडाणी उच्चाराची चूक नाही, मराठीचा शेकडो वर्षांचा नेम आहे. (हे ऐकून अण्णा खूश झाले. नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला आपण बरोबर होतो हे ऐकायला आवडतं.)

इथे एक सावधगिरीची गोष्ट. आपल्या कानाला जो एकच स ऐकू येतो तो अरबीत एक नाही. ह-स-लमधला स म्हणजे सॉद, जीभ जड करून, तोंड भरून काढायचा. हिशेबातला स साधा सीन आणि हिश्शातला पुन्हा सॉद. देवनागरीत आले की सगळे एका वेषात. ह-चंही तेच. त्यामुळे मराठी कानावर विसंबून नाती जुळवायला गेलं की फजिती होते. वसूल आणि महसूल हे तर मला सख्खे भाऊच वाटायचे, दोघं एकाच कचेरीत बसतात, दोघांचं यमक जुळतं. पण वसूलची खुंटी व-स-ल. पोचणं, येऊन मिळणं. वसूल म्हणजे पैसा 'पोचला'. महसूल म्हणजे पैसा, काय म्हणावं, 'उरला'?

हो, उरला. या धातूचा गाभा तिथेच आहे. 'लिसान अल-अरब' हा इब्न मंझूरचा तेराव्या शतकातला अवाढव्य कोश. त्यात शब्द शेवटच्या अक्षरावर लावलेले आहेत, यमकं शोधणाऱ्या कवींना सोयीचं. लामच्या प्रकरणात हा-च्या भागात आमचं कुटुंब बसलेलं आहे. सुरुवातीलाच अर्थ दिलाय: कुठल्याही गोष्टीचं हासिल म्हणजे बाकीचं निघून गेल्यावर जे टिकून राहतं ते, मग हिशेबात असो, कामांत असो. दहाव्या शतकात होऊन गेलेल्या इब्न फारिसनं प्रत्येक धातूचं मूळ एका वाक्यात पकडायचा हट्ट धरला होता. त्यानं या तिघांचं मूळ 'गोळा करणं' असं सांगितलं. मला दोन्ही पटतात. नुसतं गोळा करणं नव्हे, पाखडून गोळा करणं.

कारण तहसीलचा जुना अर्थ कुठलाही कोश उघडा, एकच चित्र काढतो: खाणीच्या दगडमातीतून सोनं वेगळं काढणं. हे काम करणारी बाई ती मुहस्सिला. सीबवैहीच्या आठव्या शतकातल्या व्याकरणात एक ओळ उदाहरण म्हणून येते. त्यात कुणीतरी विचारतोय, देव भलं करो, मला अशा एखाद्या मुहस्सिलेचा पत्ता सांगणारा माणूस कुणी नाही का, जी रात्रीपुरती मुक्काम करील? व्याकरणकारांना त्या ओळीतल्या 'माणूस' शब्दाच्या विभक्तीची चिंता पडलेली आणि पिढ्यान् पिढ्या तिच्यावर वाद. मला मात्र ती बाई दिसत राहिली. हाताच्या रेषांत माती, पुढ्यात चाळण, तळाशी एक पिवळा कण. आपल्याकडे सराफ्यातली गटारं आणि दुकानांपुढची धूळ गोळा करून, धुऊन, तळाशी बसलेलं सोनं काढणारे झारेकरी असत. परभणीच्या सराफा गल्लीत लहानपणी पहाटे मी ते पाहिलेत. झारेकऱ्याला अरबीत काय म्हणायचं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि उत्तर मात्र मिळालं.

त्याच घरातला दुसरा शब्द हुसाला. खळ्यावरून चांगलं धान्य उचलून नेल्यावर मागे जे मातीत मिसळलेलं राहतं ते. उस्ताद हा शब्द समजावताना इंग्रजीत चाचपडत होते. 'ग्रेन... डर्ट... लास्ट...' आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "मातेरं!" आमच्या आजीचा शब्द. खळं उरकलं की ती सूप घेऊन मातेऱ्यात बसायची आणि अर्धा पायली ज्वारी काढूनच उठायची. वाया गेलेल्या माणसाला आपण 'आयुष्याचं मातेरं केलं' म्हणतो, पण आजीच्या लेखी मातेऱ्यातही ज्वारी असते.

आणि हुसाला ज्या साच्यातून निघाला तो साचा खास 'उरल्यासुरल्या'साठी राखून ठेवलेला आहे, हे कळलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसती बसले. लाकूड कापल्यावरचा भुसा नुशारा. कानशीनं घासल्यावरची पूड बुरादा. पीठ चाळल्यावरचा कोंडा नुखाला. तळाचा गाळ हुसाला, पण हा वेगळा, थ-सारख्या स-चा. झाडून काढलेला केर कुमामा, आणि कैरोकडे कचऱ्याला जुबाला. सगळे एका ठशाचे. पहिल्याला उ, दुसऱ्यापुढे आ, शेवटी आ. आता याच ठशात बसणारा रोजचा मराठी शब्द ओळखा. खुलासा! ख-ल-स, म्हणजे शुद्ध होणं, सुटणं, त्याचा खुलासा. जुना अर्थ लोणी कढवल्यावर निघणारं निर्मळ तूप. बेरी नव्हे, तूप. पुढे ग्रंथाचं सार, आणि आपल्याकडे येईपर्यंत 'तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा'. अण्णांनी असे किती खुलासे मागवले असतील. त्यांतून तूप किती निघालं ते त्यांनाच विचारायला हवं.

कुराणात हा धातू एकदाच येतो. शंभरावा सूरा, अकरा छोट्या आयती. सुरुवातीला धापा टाकत दौडणारे घोडे, टापांखाली ठिणग्या, पहाटेचा छापा, उडालेली धूळ. मग एकदम शेवटाकडे, कबरींतलं सगळं उलथून बाहेर टाकलं जाईल आणि 'छातीत जे आहे त्याची तहसील होईल'. शब्दशः तसंच, तहसीलचंच कर्मणी रूप. भाष्यकार सांगतात, वेगळं काढलं जाईल, उघड केलं जाईल, चांगलं-वाईट निवडलं जाईल. उस्तादांनी ती आयत वर्गात हळू आवाजात म्हटली. लय अशी की अर्थ नंतर कळला तरी चालावं. मी तिथे बसून खाणीतली मातीच बघत होते.

घोड्यांवरून आठवलं. जुन्या अरबांनी याच धातूचं क्रियापद जनावराच्या पोटदुखीलाही लावलं आहे. चरताना मुळांबरोबर माती पोटात गेली, ती तिथेच साचली, घोडं लोळायला लागलं, म्हणजे ते 'हसिल' झालं. साचणं हेही उरणंच. आणि खजुराच्या झाडावरची कोवळी, हिरवी, अजून टणक न झालेली फळं म्हणजे हसल. ही फळं या कुटुंबात कशी शिरली याचा मला काही केल्या उलगडा होईना. उस्तादांना विचारलं तर म्हणाले, प्रत्येक घरात एक काका असा असतो ज्याचं नातं कुणी विचारत नाही.

आता हौसला. हिंदी सिनेमानं आपल्याला हा शब्द छाती पुढे काढूनच शिकवला. बुलंद वगैरे. मूळ अरबी हौसला म्हणजे पक्ष्याची गळ्याजवळची धान्य साठवायची पिशवी! चिमणी दाणे टिपते आणि आधी जिथे साठवते ती जागा. ह-स-लच्या मध्ये एक व घुसलेला, एवढंच. हौदाच्या तळाला पाणी साठून राहायची खोलगट जागा तीही हौसला. मग ती पिशवी फारसीत गेली आणि मापाचं नाव झाली: माणसात मावतं किती? आमच्या इमारतीतल्या इराणी बाई दुपारी दार उघडून म्हणतात, हौसेले नदारम. मी आधी समजायचे, बाईंचं धैर्य खचलंय. त्यांना म्हणायचं असतं, आत्ता कंटाळा आलाय, डोक्यात जागा नाही. तुर्कीत हावसाला म्हणजे आकलन, अमुक गोष्ट माझ्या हावसाल्यात मावत नाही, म्हणजे कळतच नाही. हिंदी-उर्दूत धैर्य. ट्युनिशियाकडे आजच्या अरबीत हौसला म्हणजे सारांश. एका चिमणीच्या पिशवीत एवढं मावलं. मराठीत हौस आहे म्हणून कुणी तिचं नातं याच्याशी जोडू नये. हौस आली ती हवस या अरबी शब्दावरून, तो ह निराळा, स निराळा, आणि तिथे तो खूळ या अर्थानं आहे. हौसेला मोल नसतं ते उगाच नाही.

सगळ्यात जास्त मला खटकलं ते महसूलचं. वर्गात उस्तादांनी उदाहरण दिलं, आमच्या गावाचं मुख्य महसूल ज्वारी. मी म्हटलं, सरकारचं? ते म्हणाले, सरकारचं कशाला, शेतकऱ्याचं. अरबीत महसूल म्हणजे पीक. शेतातून हाती आलं ते. बाजाराच्या बातम्यांत महासील म्हणजे पिकं, कापूस, तीळ, गहू. कराला तिथे वेगळाच शब्द आहे. आम्ही दोघंही ज्वारीवर वाढलेले. ते त्यांच्या पातळ आंबवलेल्या किस्राबद्दल बोलतात, मी भाकरीबद्दल. पण एकाच शब्दानं त्यांच्या डोळ्यांपुढे कणसं येतात आणि माझ्या डोळ्यांपुढे पावती-पुस्तक.

शेतकऱ्याच्या हाती आलेलं ते महसूल. फारसी दफ्तरात ते सरकारच्या हाती आलेलं झालं. बहामनी, निजामशाही, आदिलशाही कचेऱ्यांतून ते तसंच मराठीत उतरलं आणि असं मुरलं की उपटता आलं नाही. शिवाजी महाराजांनी 1677च्या सुमारास राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. पुढे विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. महापौर आले, दिनांक आला. महसूल जागचा हलला नाही. आजही महसूल मंत्री आहेत, 1966ची जमीन महसूल संहिता आहे, 1 ऑगस्टला नवं महसुली वर्ष सुरू होतं आणि त्या दिवशी राज्यभर महसूल दिन साजरा होतो. तलाठ्याचंही नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. उलट, तहसीलदार जिथे बसतो त्या प्रदेशाला पश्चिम महाराष्ट्रात तहसील न म्हणता तालुका म्हणतात, आणि जुनी माणसं तहसीलदाराला मामलेदार. हेही दोन्ही अरबीच, पण दुसऱ्या खुंट्यांवरचे. ठाण्याच्या मिसळीत तो मामलेदार अजून तग धरून आहे.

एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना शब्द बदलला, हे मी अण्णांना जरा टोचूनच सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "दुष्काळात आम्ही वसुली तहकूब केलेली तुला दिसत नाही." मग जुन्या मराठी कागदांतल्या मोहसलाची गोष्ट सांगितली. सारा थकला की सरकारचा शिपाई येऊन दारात बसायचा, त्याला मोहसल म्हणत. मोहसल बसवला म्हणायचे. तो उठेपर्यंत त्याचा खर्चही त्या घरानंच सोसायचा. मी कोश उघडला. मुहस्सिल, तहसील करणारा. माती धुणाऱ्या त्या बाईचा हा पुल्लिंगी भाऊ. आणि काबूलमध्ये आज मुहस्सिल कुणाला म्हणतात? विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला! फारसीत तहसील म्हणजे शिक्षण घेणं, विद्या गोळा करणं. तुर्कीत तहसील शिक्षणही आहे आणि पैशांची वसुलीही. म्हणजे मी रुवीच्या वर्गात आठवड्यातून दोनदा जे करते ती तहसीलच आहे. माझ्या दारात कुणी बसलेलं नाही, गृहपाठाचा तगादा सोडला तर.

आखातातल्या बोलीत तर हा धातू दिवसभर भेटतो. हस्सल म्हणजे सापडलं, मिळालं. ऑफिसात सकाळी पहिला प्रश्न, "हस्सल्ती मौकिफ?" पार्किंग मिळालं का? इजिप्शियन सहकाऱ्याच्या टेबलावर माझ्याकडून चहा सांडला तेव्हा तो म्हणाला, "हसल खैर." चांगलंच झालं, असू दे. उस्ताद वर्गात येऊन आमची तोंडं बघतात आणि सुदानी ढंगात विचारतात, "अल-हसल शिनू?" काय झालं? घडणं हाही अर्थ याच खुंट्यांवर आला. घडून गेलं ते उरलं, असा माझा अंदाज. आणि मुलांचा पैसे साठवायचा गल्ला म्हणजे हस्साला. वॉशिंग मशीन गस्साला, फ्रीज सल्लाजा, तसाच हस्साला. नातवासाठी मी एक आणलाय, उंटाच्या आकाराचा. त्यात तो ओमानी बैसे टाकतो. हजार बैशांचा एक रियाल, आणि बैसा म्हणजे आपला पैसा. तो आपल्याकडून तिकडे गेला. सगळी वाहतूक एकेरी नव्हती हे लिहून ठेवते.

त्याहून मोठा पुरावा म्हणजे 'ताज अल-अरूस'. अरबीतल्या सर्वांत मोठ्या जुन्या कोशांपैकी एक. लिहिला कैरोत, पण लिहिणारा मुर्तजा अल-जबीदी 1732 साली जन्मला तो अवधातल्या बिलग्रामला. एडवर्ड लेन या इंग्रजानं पुढे कैरोत बसून याच कोशावर आपला अरबी-इंग्रजी कोश रचायला घेतला. पहिला भाग 1863 साली निघाला, लेन 1876 साली गेला, उरलेलं भाच्याच्या मुलानं 1893पर्यंत हातावेगळं केलं. घोड्याची पोटदुखी आणि खळ्यावरचं मातेरं मला त्याच कोशात नीट समजलं. बिलग्रामच्या माणसानं जमवलेलं, इंग्रजानं चाळलेलं, जिंतूरच्या बाईनं मस्कतमध्ये वाचलेलं.

पण कोशकारांत माझा लाडका त्याहून फार जुना आहे. बसऱ्याचा खलील इब्न अहमद, आठवं शतक. त्यानं अक्षरं अलिफपासून लावलीच नाहीत. घशाच्या तळापासून सुरू करून ओठांपर्यंत आला, जशी आपली बाराखडी कंठ्यापासून ओष्ठ्यांकडे जाते. ही कल्पना हिंदुस्थानातून गेली का, यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क केले आहेत. मला त्याची दुसरी युक्ती जास्त आवडते. तीन अक्षरं घ्यायची, त्यांची उलटापालट करून सहा जोडण्या करायच्या, आणि कुठल्या वापरात आहेत, कुठल्या ओस पडल्या आहेत ते एकाच ठिकाणी सांगायचं. मी वहीत करून बघितलं. ह-स-ल फिरवून स-ह-ल केलं, तर आवाज बसणं, घोगरेपणा. ल-ह-स, अडचण, चिंचोळेपण. आणि स-ल-ह? नीट होणं, दुरुस्त होणं, समेट. त्यातून सलाह, म्हणजे आपला सल्ला. आणि मसलहत, म्हणजे मसलत. सल्लामसलत हा जोडशब्द म्हणजे एकाच धातूची दोन पोरं हातात हात घालून. तहसीलीच्या खुंट्या जरा हलवल्या की सल्लामसलत होते, हे अण्णांना सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते. "नोकरीत असताना सांगायचं होतंस," म्हणाले.

वर्गात मागच्या महिन्यात आम्हाला म्हणी होत्या. त्यात 'तहसील हासिल' आली. मिळालेलंच पुन्हा मिळवणं, म्हणजे व्यर्थ खटाटोप. तर्कशास्त्रात, जे विधान स्वतःलाच पुन्हा सांगतं ते. उस्तादांनी विचारलं, तुमच्या भाषेत आहे का असं काही? मी म्हटलं, पिष्टपेषण. दळलेलं पीठ पुन्हा दळणं. ते खूश. मग मला वाटलं, मी तरी दुसरं काय करतेय? जे शब्द घरातच होते तेच हजार मैलांवर येऊन, फी भरून, पुन्हा मिळवतेय.

शुक्रवारी फोन केला तेव्हा अण्णा महिन्याचा हिशेब मांडत बसले होते. पेन्शन झाली तरी दर महिन्याला वही. दूध, पेपर, औषधं, गॅस. स्पीकर चालू ठेवून ते मोठ्यानं बेरीज करत होते आणि मी वाट बघत होते, कारण अरबीत बेरजेला 'हासिल अल-जम' म्हणतात हे मला त्यांना सांगायचं होतं. भागाकाराचं उत्तर हासिल अल-किस्मा, गुणाकाराचं हासिल अल-दर्ब. तयारी करून ठेवली होती.

"आठ आणि सात पंधरा," अण्णा म्हणाले, "पाच उतरले, हासिल एक."

"अण्णा, हासिल? हातचा नाही?"

"शाळेत मौलवीसाहेबांनी उर्दूत शिकवलं. निजामाचं राज्य होतं. बेरीज मी अजून उर्दूतच करतो, तुला आज कळलं?"

"मग मला विचारत होतात, अरबी शिकून हशील..."

"थांब, मधे बोलू नकोस," म्हणाले. "हासिल विसरला की दुधाचे दहा रुपये जातात."